घरचे नियम आणि वाढवलेला राक्षस



या सदरात मी बहुतेक वेळा ऑफिसातलं काहीतरी सांगत घरापर्यंत येतो. या वेळी उलटं आहे. चूक घरातली आहे, आणि ती माझी आहे.

श्रावणातला रविवार होता. इंदुरात सकाळपासून पाऊस. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर फासे, पेन्सिली आणि शेवेची रिकामी वाटी. नुकतीच मोठी लढाई संपली होती. ओगर नावाचा राक्षस अखेर पडला होता, तरी कुणी ओरडलं नाही. आठवीतल्या माझ्या भाचीने कागदावरून नजर न उचलता विचारलं,

“मामा, ओगरला रक्त किती होतं?”

“एकशे ऐंशी.”

“आधीपासून?”

मी उत्तर दिलं नाही. शेजारचा सहावीतला मुलगा तोवर आपला कागद दप्तरात घालून, “काका, होमवर्क आहे,” एवढंच म्हणून निघून गेला होता. आठ महिने त्याने सांभाळलेला पुरोहित त्या दुपारी मेला होता. आणि तो मरायला नको होता, हे टेबलावर फक्त मला माहीत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

खेळ कोणता?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ मध्ये तो पहिल्यांदा छापून आला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या बाजूने खेळतो. बाकीचे एकेका नायकाच्या भूमिकेत. घाव घालायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त आली की घाव लागला. मग दुसरे फासे टाकून जखम किती ते बघायचं आणि तेवढे हिट पॉइंट वजा करायचे. आमच्या घरी हिट पॉइंटला ‘रक्त’ म्हणतात.

आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. भाची योद्धी, चुलतभाऊ चोर, बायको जादूगार आणि शेजारचा मुलगा पुरोहित. डीएम मी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालेला हा डाव श्रावणापर्यंत पाचव्या लेव्हलला पोचला होता.

कच्चा लिंबू

या खेळाच्या पुस्तकात शेकडो पानं नियम आहेत, तरी प्रत्येक टेबलावर चार नियम घरचे असतातच. आपल्याला यात नवीन काही नाही. आमच्या गच्चीवरच्या क्रिकेटमध्ये बॉल थेट शेजारच्या अंगणात गेला की आउट होता. पत्त्यांचे नियम आजोळी वेगळे आणि घरी वेगळे होते. आणि सगळ्यांत लहान भावंड ‘कच्चा लिंबू’ असायचं. ते पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नसे.

कच्चा लिंबू हा फार विचारी नियम आहे. त्यामुळे लहानग्याला खेळता येतं आणि मोठ्यांचा खेळही बिघडत नाही. पण तो कधी ठरतो ते आठवून बघा. चकण्याच्या वेळी, सगळ्यांच्या समोर. खेळ रंगात आल्यावर, एखादा पकडला गेल्यावर, “हा कच्चा लिंबू होता” असं कुणी म्हटलं तर भांडण ठरलेलं. मला एवढं लहानपणापासून माहीत होतं. मोठेपणी विसरलो.

आमचे दोन नियम

पहिल्या महिन्यात आम्ही दोन नियम केले. दोन्ही मजेसाठी.

एक : घाव घालताना फाशावर १ पडला तर हातातलं शस्त्र खाली पडतं.

दोन : २० पडला तर जबरदस्त घाव. पुस्तकात अशा वेळी जखमेचे फासे दुप्पट टाकायला सांगितलं आहे. पण दुप्पट फासे टाकूनही कधी कधी एक-एक पडतो आणि विरस होतो. म्हणून आम्ही ठरवलं की फाशांवरचा जास्तीत जास्त आकडा आधी धरायचा आणि त्यात पुन्हा फासे टाकून मिळवायचे.

पहिल्या लेव्हलला दोन्ही नियम छान चालले. कुणाची तलवार निसटली की हशा व्हायचा. पाचव्या लेव्हलला योद्धीला एका पाळीत दोन घाव मिळायला लागले आणि पुढच्याच आठवड्यात भाची म्हणाली, “मामा, मी जास्त शिकले आणि माझ्याच हातातून तलवार जास्त पडते. हे कसं?”

मी हसण्यावारी नेलं. रात्री वही काढली. एका फाशावर १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाळीला दोन घाव असतील तर निदान एकदा १ पडण्याची शक्यता ९.७५ टक्के. चार फेऱ्यांची लढाई धरली तर चोर चार वेळा फासा टाकतो, त्याची शक्यता साधारण १८.५ टक्के. योद्धी आठ वेळा टाकते, तिची जवळजवळ ३४ टक्के. जादूगार आगीचा गोळा फेकते तेव्हा घावाचा फासा टाकतच नाही, ती शून्यावर. पुढे २० व्या लेव्हलला योद्धीला पाळीत चार घाव मिळतील, तेव्हा जगातल्या सर्वांत तरबेज तलवारबाजाची तलवार साधारण प्रत्येक पाचव्या-सहाव्या पाळीला जमिनीवर असेल.

नियम सगळ्यांना सारखाच लिहिला होता, पण त्याचा भार एकीवरच पडत होता. घरचा नियम करताना ‘हा सगळ्यांना लागू आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘हा फासा कोण किती वेळा टाकणार?’ हेही मोजावं लागतं.

दुसऱ्या नियमाचंही तसंच. २० दोन्ही बाजूंना पडतो, म्हणजे बरोबरी झाली, असं मला वाटायचं. पण राक्षस एका दुपारपुरता येतो, त्याला तसंही मरायचंच असतं. नायक दर रविवारी येतात. आठ महिन्यांत नायकांवर जेवढे घाव पडतात तेवढे कुठल्याच एका राक्षसावर पडत नाहीत. नशिबाचा हेलकावा मोठा केला की तो कधी ना कधी नायकांवरच उलटतो.

ओगर कसा वाढवला

आता राक्षसाकडे येऊ. पुस्तकातल्या ओगरला ५९ हिट पॉइंट आहेत, आर्मर क्लास ११, एका घावाची सरासरी जखम १३ आणि चॅलेंज रेटिंग २. हे रेटिंग म्हणजे राक्षसाची इयत्ता. चौघांच्या गटाची लेव्हल आणि राक्षसाचं रेटिंग सारखं असेल तर सामना झेपेल, असा ढोबळ अंदाज. पाचव्या लेव्हलच्या आमच्या चौघांपुढे हा ओगर दुसरी फेरीही बघता ना.

जुन्या आवृत्त्यांत राक्षस वाढवायची रीतच दिलेली होती. २००३ च्या ३.५ आवृत्तीत प्रत्येक राक्षसाच्या नोंदीत तो कसा वाढतो याची ओळ असे. कुणी अंगाने वाढे, तर ओगरसारखा एखादा योद्ध्याचा किंवा रानटी लढवय्याचा वर्ग घेऊन वाढे. पाचव्या आवृत्तीत वाट वेगळी आहे. तिथे डीएमच्या पुस्तकात एक तक्ता आहे. रेटिंग ५ हवं असेल तर हिट पॉइंट १३१ ते १४५, आर्मर क्लास १५, एका फेरीतली जखम ३३ ते ३८, वगैरे. एखाद्या अंकाचा फरक चालतो.

मी इंजिनिअर, मला असा तक्ता मिळाला की आनंद होतो. ओगरचं रक्त मुळात दहा बाजूंच्या ७ फाशांनी मोजतात. मी १६ फासे केले, सरासरी १३६ आली. अंगावर चांगलं चिलखत चढवून आर्मर क्लास १४ केला. पाळीला दोन घाव दिले आणि गदेच्या जखमेचे आठ बाजूंचे फासे २ वरून ३ केले. एका घावाची सरासरी १७, दोन्ही लागले तर ३५. सगळं तक्त्यात बसलं. मी खूश होऊन झोपलो.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, अंग वाढवलं पण डोकं तसंच ठेवलं. ओगरचं शहाणपण पुस्तकात ७ आहे, म्हणजे मनावर होणाऱ्या मंत्राविरुद्ध तो फासा टाकतो तेव्हा त्यातून २ वजाच होतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाढवलेला ओगर मी पुस्तकाच्या नियमांवर तपासला होता, आमच्या घरच्या नियमांवर नाही.

पुरोहिताचं पूर्ण रक्त ३८ होतं. आता हा हिशेब बघा, सगळे आकडे सरासरीचे :

साधा ओगर, पुस्तकाचा नियम, फाशावर २० : जखम २२. पुरोहित उभा.

साधा ओगर, घरचा नियम : २९. उभा.

वाढवलेला ओगर, पुस्तकाचा नियम : ३१. तरीही उभा.

वाढवलेला ओगर, घरचा नियम : ४१. आडवा.

दोन्ही बदल एकेकटे सुरक्षित होते. एकत्र आल्यावर एका फटक्यात धडधाकट पुरोहित जमिनीवर. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. दोन भाग वेगवेगळे तपासले की दोन्ही पास होतात आणि जोडले की कोसळतात. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवतो.

तो रविवार

पहिल्याच फेरीत बायकोने ‘टाशाज हिडियस लाफ्टर’ हा मंत्र टाकला. समोरचा हसत हसत लोळायला लागतो, असा हा पहिल्या पायरीचा साधा मंत्र. ओगरला वाचायला फाशावर १७ किंवा जास्त हवे होते, म्हणजे पाचात एकदा. नाही पडले. आठ दिवस खपून तयार केलेला माझा ओगर चिलखतासकट जमिनीवर लोळून हसत होता आणि पोरं त्याला बडवत होती. टेबलावरची माणसंही तशीच हसत होती. खरं म्हणजे तो त्या दुपारचा सर्वांत सुंदर क्षण होता. मला मात्र माझी मेहनत वाया जाताना दिसत होती.

ओगर उठला तोवर त्याचं निम्म्याहून जास्त रक्त गेलं होतं. तिसऱ्या फेरीअखेर माझ्या वहीतली बेरीज १३८ झाली. तो मेला होता. मी पडद्याआड १३६ वर काट मारली, १८० लिहिलं, आणि तोंडाने म्हणालो, “ओगर लडखडतो, पण उभा आहे.”

चौथ्या फेरीत त्याने पुरोहितावर गदा उचलली. फाशावर २०. घरच्या नियमाने जखम ४३. पुरोहित कोसळला. असा पडलेला नायक दर पाळीला जगण्या-मरण्याचा फासा टाकतो. १० च्या खाली आलं की एक फुली, तीन फुल्या झाल्या की मृत्यू. चिमुरड्याला आधी ४ पडले, एक फुली. पुढच्या पाळीला १ पडला आणि १ ला दोन फुल्या असतात. मेलेल्याला लगेच उठवायचा मंत्र गटात एकालाच येत होता. त्यालाच.

मधल्या पाळीत चोराला किंवा योद्धीला त्याच्याकडे धावता आलं असतं. ते का धावले नाहीत? कारण त्यांनीही मनात हिशेब केला होता. ‘एवढे घाव झालेत, ओगर आता पडेलच, आधी त्याला संपवू.’ त्यांचा हिशेब बरोबर होता. मी तो आतून खोटा करून टाकला होता.

म्हणून भाचीच्या “आधीपासून?” ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने कागद माझ्याकडे सरकवला. समासात पहिल्या घावापासूनची बेरीज होती, १८३ पर्यंत. मी मान्य केलं, “१३६ होतं.” तिने बोट वर नेलं आणि १३८ वर थांबली.

“हा घाव कुणाचा होता माहीत आहे का?”

पुरोहिताचा होता. ओगर त्या पोराच्या गदेने मेला होता. आणि मी त्याच ओगरच्या हातून त्याला मारलं होतं.

लपवणं आणि बदलणं

मी आधी स्वतःची बाजू मांडून पाहिली. डीएम आकडे लपवतोच, त्यासाठीच पडदा असतो. लढाई रंगावी म्हणूनच केलं. कितीतरी डीएम असं करतात.

चुलतभाऊ एवढंच म्हणाला, “दादा, लपव की. पण लपवलेलं बदलू नकोस.”

मला वाटतं सगळं यात आलं. ज्या टेबलावर सगळ्यांनी मिळून ‘गोष्टीसाठी डीएमने आकडे हलवले तरी चालतील’ असं ठरवलंय, तिथे तो त्यांचा घरचा नियम आहे आणि तो वाईट नाही. आमच्याकडे मी कुणाला विचारलंच नव्हतं. राक्षसाला किती रक्त आहे हे खेळणाऱ्याला माहीत नसलं तरी चालतं, पण ते ठरलेलं आहे यावर त्याचा विश्वास हवा. तो नसेल तर भाचीचं मोजणं, बायकोचा मंत्र, त्या मुलाचा घाव, कशालाच अर्थ नाही. मग ओगर मामाला वाटेल तेव्हा मरणार.

संध्याकाळी भाचीला घेऊन शेजारी गेलो आणि त्या मुलाला सगळं सांगितलं, १३८ सकट. ओगर तिसऱ्या फेरीतच मेला आणि पुढचं काही घडलंच नाही, असं धरायचा प्रस्ताव भाचीचा होता. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, पण ओगर मी मारला, हे नक्की ना?”

“नक्की.”

“मग वहीत लिहा.”

लिहिलं. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला.

आता आम्ही काय करतो

वहीच्या शेवटच्या पानावर आमचे नवे नियम आहेत. तुमच्याकडे असा डाव चालत असेल, किंवा सुरू करणार असाल, तर उपयोगी पडतील.

१. घरचा नियम आधी तीन रविवार कच्चा. मग सगळ्यांनी हात वर करून पक्का किंवा रद्द. तारीख लिहायची.

२. नियम पक्का करण्याआधी मोजायचं की तो फासा लढाईत कोण किती वेळा टाकतो. शस्त्र पडायचा नियम आता पाळीच्या फक्त पहिल्या घावाला आहे. योद्धी आणि चोर आता सारखे, दोघांना पाळीला ५ टक्के. २० चा नियम रद्द, पुस्तकातलाच चालतो.

३. राक्षस वाढवायचा तो शनिवारी रात्रीपर्यंत. आकडे कार्डावर लिहून, घडी घालून फाशांच्या डब्याखाली ठेवायचं. लढाई संपली की कार्ड भाची उघडते.

४. वाढवताना रक्त, चिलखत, घाव, जखम बघायची आणि पाचवं म्हणजे त्याची कच्ची बाजू. ती मुद्दाम ठेवायची असेल तर हरकत नाही. मग कुणी ती शोधून काढली तर रडायचं नाही.

५. राक्षस एकटा असेल तर अंगापेक्षा सोबत वाढवायची. त्याच्या एका पाळीमागे नायकांच्या चार पाळ्या होतात. १८० रक्ताच्या एकट्या ओगरपेक्षा १३६ चा ओगर आणि चार गॉब्लिन जास्त चुरशीचे.

६. वाढवलेल्या राक्षसाचा सर्वांत मोठा घाव घरीच, सर्वांत नाजूक नायकावर, घरच्या नियमांसकट टाकून बघायचा.

७. तरीही अंदाज चुकला तर आकडा बदलायचा नाही, गोष्ट बदलायची. गुहेतून दुसरा ओगर येऊ दे, हरणारा राक्षस शरण येऊ दे, पूल कोसळू दे. जे होईल ते टेबलावर दिसलं पाहिजे, म्हणजे पोरांना त्यावर काहीतरी करता येतं.

गेल्या रविवारी ट्रोल होता. बायकोच्या मंत्राने तो दुसऱ्याच फेरीत गारद झाला. तीन रात्री मी त्याच्यावर घालवल्या होत्या. भाचीने डब्याखालचं कार्ड काढलं, समासातल्या बेरजेशी ताडून पाहिलं आणि पुरोहिताकडे सरकवलं. त्यानेही वाचलं, मान हलवली आणि शेवेची वाटी माझ्यापुढे केली.

तुमच्या घरचे नियम काय आहेत? पत्त्यांचे, कॅरमचे, कुठलेही. आणि ते कुणासाठी केले होते, तेही कळवा. निवडक पुढच्या सदरात देईन.